घोडबंदरची खाडी : शिडाच्या होडीचा उन्हाळी प्रवास आणि खाडीचे पंचांग

ठाण्याच्या कापूरबावडीपासून पश्चिमेस घोडबंदर गावाकडे जाणाऱ्या मार्गास घोडबंदर रोड असे नाव आहे. या रस्त्याने नित्य जाणाऱ्या सहस्रावधी लोकांपैकी फारच थोड्यांना असा प्रश्न पडत असेल, की ज्या स्थळाचे नाव या रस्त्यास मिळाले, ते स्थळ ‘बंदर’ का म्हणविते? त्या बंदरात काय येत असे, ते कोठून येत असे, आणि नेमके तेथेच का थांबत असे? घोड्यांच्या व्यापारावरून हे नाव पडले, ही व्युत्पत्ती सर्वत्र प्रचलित आहे. परंतु ती केवळ मालाचे नाव सांगते, जागेचे कारण सांगत नाही. याच रस्त्यालगत नागला बंदर आहे, गायमुख आहे, कोलशेत आहे. खाडीने पुढे गेल्यास मुंब्र्याजवळचे रेतीबंदर लागते आणि शेवटी कल्याणचा दुर्गाडी लागतो. या स्थळांची मालिका रस्त्याच्या नकाशावर विस्कळीत भासते. पाण्याच्या नकाशावर मात्र तिला एक क्रम प्राप्त होतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू हा क्रम स्पष्ट करण्याचा आहे. त्यासाठी आम्ही वसईच्या मुखापासून कल्याणपर्यंतचा, लहान शिडाच्या होडीने चैत्र-वैशाखात करावयाचा काही दिवसांचा प्रवास उदाहरणादाखल घेतला आहे. असा प्रवास केवळ करमणुकीचा विषय नव्हे. इतिहास, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकास किनारी प्रदेशातील वसाहतींचे स्थान समजून घ्यावयाचे असेल, तर यंत्रावाचून चालणाऱ्या नौकेच्या गतीचे नियम त्यास ठाऊक असणे अवश्य आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१. जलमार्गाची रचना

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास करून वसईजवळ समुद्रास मिळते. काळू नदीचे पाणी घेऊन ती कल्याणला येते, तेव्हाच ती भरतीच्या अधीन झालेली असते; म्हणजे येथून खाली ती नदी असूनही खाडीप्रमाणे वागते. कल्याणपासून मुखापर्यंतचा जलमार्ग सुमारे ५० किलोमीटरचा आहे. दुर्गाडीपासून तो पश्चिमेस डोंबिवलीच्या मोठागावाकडे जातो, तेथून नैर्ऋत्येस वळून मुंब्र्याजवळ पारसिकच्या डोंगरास भिडतो, मग वायव्येस व उत्तरेस वळून ठाणे-काशेळीवरून कोलशेत गाठतो. पुढे एका बाजूस येऊरचे व दुसऱ्या बाजूस कामण-तुंगारेश्वराचे डोंगर यांच्यामधून गायमुख व घोडबंदर येथे पश्चिमाभिमुख होतो, आणि भाईंदर व पाणजू बेटावरून वसईच्या किल्ल्यापाशी समुद्रात शिरतो.

या रचनेत एक विशेष आहे. कळवा-साकेतच्या परिसरात या जलमार्गास दक्षिणेकडून ठाण्याची खाडी येऊन मिळते. ही खाडी मुंबई बंदरातून उत्तरेस आलेली समुद्राची लांबट शाखा होय. या दोन जलमार्गांमुळेच साष्टी हे बेट ठरते. समुद्राची भरती या बेटाच्या मागील अंगास दोन दारांनी शिरते : एक प्रवाह वसईकडून, दुसरा मुंबईकडून. ठाण्याच्या आसपास हे दोन्ही प्रवाह परस्परांस सामोरे येतात. जेथे दोन भरत्या भेटतात तेथे पाण्याचा वेग मंदावतो; वेग मंदावला की पाण्यातील गाळ खाली बसतो, आणि त्या ठिकाणी जलमार्ग उथळ होत जातो.

हाच प्रकार उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर, जर्मनीच्या फ्रिशियन बेटांच्या मागे आढळतो. तेथेही प्रत्येक बेटाच्या दोन्ही टोकांनी भरती आत शिरते आणि बेटाच्या पाठीशी मधोमध भेटते. त्या भेटीच्या जागी वाळूचा उंचवटा असतो व तो लहान नौकेस केवळ भरतीच्या माथ्यावरच ओलांडता येतो. अर्स्किन चिल्डर्स यांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिडल ऑफ द सँड्ज’ या कादंबरीचे सारे कथानक या उथळ जलमार्गांवर उभे आहे. ठाण्याजवळची खाडी चिंचोळी व उथळ का, याचे उत्तर शोधणाऱ्यास हे दूरचे उदाहरण उपयोगी पडावे.

२. तिथी आणि पाऊणपट

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी होते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते व पाण्याच्या चढउतारातील अंतर सरासरीने पावणेचार मीटरच्या जवळपास जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि हेच अंतर दीड मीटरच्या आसपास उरते. दोन्हींतील हा फरक अडीच पटींचा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण प्रवाहाचा वेगही त्याच मानाने कमी-अधिक होतो.

भरतीची वेळ काढण्याची एक रीत कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चालू तिथीच्या अंकास पाऊणपट करावे. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणजे ३ वाजता. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणजे ६ वाजता. पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. हा नियम स्थूल आहे व त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज राहू शकते. परंतु त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व शास्त्रशुद्ध आहे : चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा मध्यान्हवृत्तावर येतो, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. ज्या समाजाचे सण, बाजार व उपवास तिथीवर चालत, त्या समाजास भरतीचे कोष्टक निराळे बाळगण्याची गरजच नव्हती. पंचांग हेच कोष्टक होते.

या नियमाने मिळणारी वेळ समुद्रकिनाऱ्याची असते. भरतीची लाट खाडीतून आत जाण्यास वेळ घेते, म्हणून घोडबंदरला भरती वसईपेक्षा उशिरा व कल्याणला त्याहून उशिरा पूर्ण होते. यापासून एक महत्त्वाचा परिणाम निष्पन्न होतो. जो मनुष्य भरतीबरोबर आत जातो, तो भरतीच्या लाटेच्याच दिशेने चाललेला असतो. त्यामुळे त्यास अनुकूल प्रवाह अधिक काळ मिळतो. उलट, जो ओहोटीबरोबर बाहेर येतो, तो जसजसा समुद्राकडे सरकतो तसतशी त्याची ओहोटी लवकर संपत जाते. खाडीत आत जाणे आणि बाहेर येणे ही समान अंतराची असली, तरी समान श्रमाची नाहीत.

३. खारे वारे व मतलई वारे

उन्हाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचे दैनंदिन चक्र अत्यंत नियमित असते. सूर्य वर आला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते व मध्यान्हीच्या आधीपासूनच पश्चिम-वायव्येकडून खारे वारे वाहू लागतात. तिसऱ्या प्रहरी त्यांचा जोर सर्वाधिक असतो व सूर्यास्तानंतर ते मंदावतात. रात्री जमीन निवते आणि पहाटेच्या सुमारास जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते दुर्बळ असतात, व वैशाखात उकाडा वाढला की अधिकच दुर्बळ होतात. तथापि शांत पाण्यात हलक्या होडीस तेवढे पुरतात.

वर सांगितलेला जलमार्ग या वाऱ्याशी जुळवून पाहिल्यास असे दिसते, की वसईहून कल्याणास जाताना खारा वारा कोठेही थेट तोंडावर येत नाही. वसई ते घोडबंदर तो पाठीवर असतो. गायमुखापासून मुंब्र्यापर्यंत तो मागून किंवा बाजूने येतो. मुंब्र्यापासून ईशान्येस वळल्यावर तो डाव्या कुशीवर येतो, आणि अखेरीस दुर्गाडीकडे जाताना पुन्हा पाठीवर. मात्र गायमुख-घोडबंदरच्या भागात दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वारा कोंडला जाऊन एकाएकी जोर धरतो, आणि डोंगराच्या आडोशाखाली तो तसाच एकाएकी पडतो. लहान होडीने या टापूत शिडाची दोरी बांधून न ठेवता हातीच धरावी, हे सुज्ञपणाचे होय.

आता भरती व वारा यांचा मेळ घालू. पौर्णिमेस किंवा अमावास्येस भरती मध्यान्हीच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे दुपारभर ओहोटी चालते व त्याच वेळी समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. पाणी बाहेर जात आहे आणि वारा आत येत आहे, अशा स्थितीत वसईच्या मुखापाशी आखूड, उंच व ताठ लाटा उठतात. लहान होडीस त्या धोक्याच्या असतात. याउलट षष्ठीपासून नवमीपर्यंतच्या चार दिवसांत भरती अनुक्रमे साडेचार, सव्वापाच, सहा व पावणेसात वाजता पूर्ण होते. अर्थात दुपारी वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेने, खाडीत आत, जात असतात. नवमी-दशमीपासून हेच गणित सकाळी उलट लागू पडते : सात-साडेसातच्या भरतीनंतर ओहोटी लागते, व मतलई वारा बाहेरच्या दिशेने असतो. तिथीचा एकच आठवडा जाण्यास दुपार व येण्यास सकाळ बहाल करतो. उन्हाळी प्रवासाचा मुहूर्त काढावयाचा तो असा.

वद्य पक्ष निवडल्यास आणखी एक सोय होते. वद्य दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवून पहाटे आकाशात असतो. त्यामुळे सूर्योदयापूर्वी सामान आवरून होडी पाण्यात काढताना उजेड मिळतो.

४. नौका

या खाडीत पूर्वी चालणाऱ्या नौकांत होडी, मचवा व पडाव हे प्रकार मुख्य होत; गलबते व फत्तेमाऱ्या यांसारखी मोठी तारवे खुल्या समुद्रातील व्यापाराची. पडाव हा बहुधा रुंद व मालवाहू. तो उथळ पाण्यात चालतो आणि ओहोटीला चिखलावर टेकला तरी उभा राहतो. मचव्याचा पुढील भाग तिरपा व धारदार असतो आणि तो वाऱ्यावर वेगाने चालतो. दोहोंचे शीड एका लांब तिरप्या काठीस, म्हणजे परबाणास, बांधलेले असते. ही काठी दोरीने चटकन खाली घेता येते. डोलकाठी आखूड, शीड मोठे व ते क्षणात उतरविण्याजोगे, ही रचना खाडीच्या गरजेतूनच सिद्ध झाली आहे. डोंगराच्या खिंडीतून अकस्मात वारा आला, तर तांडेलास शीड उतरविण्यास विचाराचाही वेळ नसतो.

आजच्या अभ्यासमोहिमेसाठी पाच-सहा मीटर लांबीची, तळ उथळ असलेली, वल्ही असलेली व डोलकाठी उतरविता येणारी होडी योग्य. डोलकाठी उतरविता येणे आवश्यक आहे, कारण या मार्गावर आता अनेक पूल आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नाविक विभागाने कोकणच्या किनाऱ्यावर अशाच उघड्या होड्यांतून, शिडाच्या व वल्ह्यांच्या बळावर, अनेक दिवसांच्या मोहिमा केलेल्या आहेत. तेव्हा विद्यार्थ्यांकडून हे होणे अशक्य नाही.

५. चार भरत्या, चार मुक्काम

दिवसाचा पल्ला किती ठेवावा? येथे नवखा मनुष्य चांगल्या वाऱ्याचा हिशेब करतो; अनुभवी मनुष्य वारा पडल्याचा हिशेब करतो. भांगाच्या दिवसांत प्रवाहाचा सरासरी वेग ताशी १ सागरी मैल धरला, तर सहा तासांच्या भरतीत होडी शिडावाचून ६ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, वाहत जाईल. वल्ह्यांची जोड मिळाल्यास १२-१३ किलोमीटर. पल्ला एवढाच आखावा. वारा लाभला तर दोन-तीन तासांत मुक्काम गाठून उरलेला वेळ निरीक्षणास मिळतो. वारा न लाभला तरी होडी अंधारात चिखलावर अडकत नाही. सुमारे ५० किलोमीटरच्या मार्गास या मानाने चार भरत्या पुरतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाह दुपटीहून अधिक असतो. त्या हिशेबाने भरलेला पडाव दोन भरत्यांत कल्याणास पोहोचू शकतो. व्यापाऱ्यास वेग हवा, म्हणून त्याने उधाण पत्करावे. अभ्यासकास निवांतपणा हवा, म्हणून त्याने भांग पत्करावा.

पहिला दिवस, षष्ठी : वसईच्या किल्ल्यापासून भरती लागताच, सुमारे साडेदहा-अकराच्या दरम्यान, निघावे. पाणजू बेट व भाईंदर-नायगावचे रेल्वेपूल मागे टाकून घोडबंदर गाठावे. या टप्प्यात काठाने मिठागरांचा व तिवरांचा सपाट प्रदेश आहे. घोडबंदरपाशी प्रथमच डोंगराचा पायथा पाण्याजवळ येतो व किल्ल्याची टेकडी दिसू लागते.

दुसरा दिवस, सप्तमी : घोडबंदरहून गायमुख, नागला बंदर या मार्गे कोलशेत. हा सर्व टप्पा आजच्या घोडबंदर रोडला समांतर आहे. रस्त्यावरून जाताना डोंगर दिसतो व पाणी क्वचितच दिसते. पाण्यावरून जाताना दोन्ही दिसतात, आणि डोंगर व पाणी यांच्यामधील अरुंद पट्टीतून रस्ता का न्यावा लागला तेही उमगते.

तिसरा दिवस, अष्टमी : कोलशेतहून काशेळी व काल्हेर यांच्यावरून, ठाण्याच्या खाडीचा संगम उजवीकडे ठेवीत, पारसिकच्या पायथ्याशी रेतीबंदर. दोन भरत्यांच्या भेटीमुळे येथील प्रवाह अनिश्चित असतो. पाण्यावर तरंगणारा काडीकचरा कोणत्या दिशेस जातो याची दर पंधरा मिनिटांनी नोंद ठेवली, तर भेटीची जागा तिथीनुसार सरकते किंवा नाही हे तपासता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यास अत्यल्प खर्चात करता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

चौथा दिवस, नवमी : रेतीबंदरहून अंजूर-दिवे, डोंबिवलीचे मोठागाव या मार्गे कल्याणचा दुर्गाडी. येथे पाणी गोडसर होऊ लागते, काठ उंच होतात, आणि समुद्र आपल्या मागे राहिल्याची जाणीव होते.

भांगाच्या दिवसांचा एक धोका सांगणे अवश्य आहे. षष्ठीपासून पुढे दररोजची भरती आदल्या दिवसापेक्षा किंचित कमी चढत जाते. म्हणून आज भरतीच्या माथ्यावर काठाच्या चिखलात चढविलेली होडी उद्याच्या भरतीने तरंगेलच, असे नाही. उधाण येईपर्यंत आठवडाभर ती तेथेच राहू शकेल. होडी नेहमी ओहोटीतही पाणी राहील अशा जागी नांगरावी.

याच ठिकाणी बंदराच्या स्थानाचे रहस्य उलगडते. खाडीचा काठ बहुतांशी चिखलाचा व तिवरांचा आहे. भरतीला तेथे होडी जाते, परंतु ओहोटीला मनुष्य गुडघाभर रुततो. ज्या थोड्या जागी डोंगराचा खडक किंवा टणक जमीन पाण्यापर्यंत येते व वळणाच्या बाहेरील बाजूस प्रवाह तळ खोल ठेवतो, तेथे ओहोटीतही होडी तरंगते आणि माणूस कोरड्या पायाने उतरतो. घोडबंदरची टेकडी, गायमुख, पारसिकचा पायथा, दुर्गाडीचा उंचवटा ही स्थळे या दृष्टीने पाहावीत. प्रवाह फिरेपर्यंत सहा तास थांबावयाचे तर ते अशाच जागी. जेथे नावा थांबतात तेथे माल उतरतो, जकात घेतली जाते, पहारा बसतो, आणि अखेर किल्ला उभा राहतो. बंदर हे प्रथम प्रतीक्षेचे स्थान आहे. व्यापाराचे ते नंतर होते.

६. परतीचा मार्ग

दशमीस पहाटे दुर्गाडी सोडण्याची सिद्धता करावी व भरती पूर्ण होताच निघावे. वरच्या भागात भरती लवकर चढते आणि ओहोटी सावकाश उतरते. त्यामुळे पहिल्या दिवशी पाण्याची साथ दीर्घ काळ मिळते व वल्ह्यांच्या साहाय्याने कोलशेतपर्यंत मजल मारता येते. एकादशीस किनाऱ्यावरील भरती सव्वाआठच्या सुमारास असते. कोलशेतहून निघून दुपारपूर्वी घोडबंदर गाठावे. तोपर्यंत खारा वारा तोंडावर आलेला असतो. ओहोटी साथीस असल्यास वाऱ्याविरुद्ध नागमोडी मार्गाने पुढे सरकता येते, परंतु उघड्या मुखाकडे जाण्याचा मोह टाळावा. घोडबंदरला थांबून दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीने वसईस जावे. जाताना जे स्थळ पहिला मुक्काम होते, तेच येताना अखेरचा मुक्काम ठरते. मुखाच्या खुल्या पाण्याचा अंदाज घेऊन निर्णय करण्याची ती जागा होय.

७. इतिहासाचा पुरावा

या मार्गाचे महत्त्व प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बाजारपेठ म्हणून उल्लेख आहे, आणि तेथे येणाऱ्या ग्रीक नावांस अडथळा करून त्यांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येई, असेही त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे निर्देश आहेत. कल्याण हे समुद्रापासून इतके आत असूनही बंदर होते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही : उधाणाच्या दोन भरत्यांवर ते समुद्राच्या जवळच होते.

आत असलेल्या बंदराचे सामर्थ्य व दौर्बल्य एकाच गोष्टीत असते. मुखावर ज्याची सत्ता, त्याच्या हाती आतील बंदराची किल्ली. १५३४ च्या तहाने वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा या जलमार्गाची दोन्ही दारे त्यांच्या दृष्टीखाली आली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर तेथे जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. डोंगरातील लाकूड, कुशल कारागीर व सुरक्षित पाणी ही तिन्ही तेथे होती. परंतु बांधलेले प्रत्येक तारू समुद्रावर नेण्यास घोडबंदर-वसईवरून किंवा ठाण्यावरून न्यावे लागे. १६५९ च्या सुमारास पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या आरमाराची चिंता वाटू लागली, याचे कारण नकाशावर बोट ठेवले असता तत्काळ कळते. १६७५ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरला गेला, तो कल्याणपर्यंत जलमार्गाने. घाटाखालचा प्रवास होडीने करणे ही त्या काळची स्वाभाविक रीत होती.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढली, तेव्हा ठाणे व घोडबंदर ही स्थाने त्यांच्या हाती आली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली वसई पडली. या मोहिमेत अंजूरच्या नाईक घराण्याचे साहाय्य प्रसिद्ध आहे. अंजूर हे गाव याच खाडीच्या काठी असल्याचे स्मरण ठेवले, तर स्थानिक जाणकारांच्या मदतीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो : खाडी उतरावयाची तर कोणत्या तिथीस, कोणत्या घटकेस व कोणत्या जागी, हे सांगणारा मनुष्य सैन्यास हवाच.

रेल्वे आली आणि हे सर्व पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८५४ मध्ये तो कल्याणास पोहोचला, आणि १८६४ मध्ये पश्चिमेकडील लोहमार्गाने वसईची खाडीही ओलांडली. ज्या मजलेस भरतीची वाट पाहावी लागे, ती तासा-दोन तासांची झाली. बंदरांतील प्रतीक्षा संपली व तिच्याबरोबर बंदराचे प्रयोजनही क्षीण झाले. मीठ, रेती, गवत असा जड व स्वस्त माल काही काळ पाण्यावर राहिला; त्यासही पुढे रस्त्याने गाठले.

८. आजची स्थिती

आज या खाडीत होडी घालणाऱ्यास अनेक बाबतींत सावध राहावे लागते. कारखाने व शहरे यांचे सांडपाणी येऊन उल्हासचे पाणी दूषित झालेले आहे. पिण्याचे सर्व पाणी बरोबर घ्यावे व अंगावरील जखम झाकावी. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट भरतीत पाण्याखाली जातात. त्यांची जागा स्थानिक कोळी बांधवांस विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. प्रत्येकाने तरंगता अंगरखा घातलाच पाहिजे. वैशाखाच्या उत्तरार्धात दुपारनंतर पूर्वेकडे ढग चढू लागले, तर वळिवाची वावटळ येण्यापूर्वी शीड उतरवून नांगर टाकावा. संबंधित बंदर अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आधी मिळवावी. आगोट जवळ आली की हा प्रवास बंद.

दुसरीकडे, खाडी पुन्हा विचाराधीन झाली आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी यांना ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ असा दर्जा मिळाला. वसई-कल्याण प्रवासी जलवाहतुकीच्या आराखड्यांत धक्क्यांसाठी जी नावे पुढे आली, त्यांत घोडबंदर, नागला, कोलशेत, काल्हेर, पारसिक, अंजूर-दिवे, डोंबिवली व कल्याण ही आहेत. २०२४ मध्ये भाईंदर व वसई यांच्या दरम्यान वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. घोडबंदर येथे महामार्गावरील वर्सोवा पुलाशेजारी २०२३ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला, तरी रस्त्याची दाटी सर्वज्ञात आहे. तेव्हा पाण्याकडे पुन्हा दृष्टी वळावी हे योग्यच.

नव्या धक्क्यांची ही यादी आणि शिडाच्या होडीचे मुक्काम जवळजवळ एकच आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. यंत्राने वाऱ्याचे बंधन तोडले आहे. प्रवाहाचेही बरेचसे तोडले आहे. खोलीचे बंधन मात्र त्यास तोडता येत नाही. ओहोटीत चिखल उघडा पडतो तो बोटीस यंत्र आहे की शीड, हे पाहून नव्हे. एक तर गाळ सतत उपसत राहावे लागेल, किंवा वेळापत्रक भरतीप्रमाणे दररोज पाऊण तास सरकवावे लागेल. आणि ज्या नगरवासीयांचे जीवन घड्याळाच्या मिनिटकाट्यावर चालते, त्यांना हे दुसरे वेळापत्रक रुचणे कठीण आहे. गाळ उपसण्याचा पर्याय स्वीकारला, तर काठची तिवरे, मासळीची पैदास आणि रेतीचा साठा यांवर त्याचा परिणाम काय होईल, हे आधी मोजले पाहिजे. शेजारची ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली व २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एकाच जलवलयाचा एक भाग राखावयाचा आणि दुसरा खणावयाचा, यांतील संबंध तपासणे हे विद्यापीठीय संशोधनाचे काम आहे.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : वसई-कल्याण खाडीवरील बंदरांचे स्थान, त्यांतील अंतर व त्यांचे राजकीय महत्त्व यांचा उलगडा भरती, वारा व काठाची घडण या तीन गोष्टींच्या संयोगातून होतो, आणि हा संयोग शिडाच्या होडीच्या गतीने जाणाऱ्यासच संपूर्णपणे प्रत्ययास येतो. दप्तरे व नकाशे यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सकाळी कोणत्या घटकेस निघावे हे ज्या तांडेलास कोणत्याही कागदावाचून कळत असे, त्याचे ज्ञान दप्तरात उतरलेले नाही. खाडीकाठच्या गावांतील वृद्धांच्या स्मरणात त्यातील काही अंश अजून आहे. वळणांची, खडकांची, खोल पाण्याच्या डोहांची, थांबण्याच्या जागांची नावे, आणि त्या त्या जागी भरती कोणत्या तिथीस किती उशिरा येते याविषयीचे ठोकताळे, यांची गावोगावी नोंद घेणे हे काम पुढील पिढीवर सोडण्याजोगे नाही.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी, की पुढील चैत्र वद्य षष्ठीस दोन होड्या, एक पंचांग, एक खोली मोजण्याची दोरी व एक नोंदवही घेऊन वसईहून निघावे. घोडबंदरच्या टेकडीखाली होडी नांगरून ओहोटीचे सहा तास मोजावेत. त्या सहा तासांत ‘बंदर’ या शब्दाचा जो अर्थ कळेल, तो वरच्या रस्त्यावरून शंभर वेळा गेल्याने कळणार नाही.